डायलिसिसचं पाणी आणि रुग्णाची वाचा

किडनी निकामी झाली की तिचा मार मेंदूवर पडतो, हे डायलिसिसचं मशीन येण्याआधीपासून वैद्यकाला ठाऊक होतं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 साली मूत्रपिंडाच्या विकाराची मांडणी केली आणि पुढे अशा रुग्णांना येणारे झटके व शेवटची बेशुद्धीही नोंदवली. नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी 1943 साली कृत्रिम किडनी वापरायला घेतली. आधीचे बहुतेक रुग्ण दगावले. 1945 साली 67 वर्षांची एक बाई काही तासांच्या डायलिसिसनंतर बेशुद्धीतून जागी झाली, बोलू लागली. या उपचाराचं पहिलं यश रुग्णाच्या शुद्धीवर मोजलं गेलं. पुढे मात्र युरिया आणि क्रिएटिनिनचे आकडे हाताशी आले, तसं रुग्णाच्या बोलण्या-चालण्याकडे लक्ष कमी होत गेलं आणि त्याची जबर किंमत मोजावी लागली.

1972 साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसवरच्या रुग्णांमधला एक विचित्र आजार नोंदवला. सुरुवात वाचेपासून व्हायची. माणूस अडखळायचा, शब्द जिभेवर येऊन अडायचा. डायलिसिस चालू असताना किंवा संपल्यावर हे जास्त जाणवायचं. मग हातपाय दचकल्यासारखे उडायचे, चाल बिघडायची, विस्मरण वाढायचं, फिट्स यायच्या आणि बरेच जण काही महिन्यांत जायचे. 1976 साली याच गटाने बोट ठेवलं ते अ‍ॅल्युमिनियमवर. ते काही अंशी फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्यांतून येत होतं आणि पुष्कळसं पाण्यातून. गढूळ पाणी निवळायला आपल्याकडे तुरटी फिरवतात, शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटी वापरतात. तिच्यातच अ‍ॅल्युमिनियम असतं. पिणाऱ्याला त्याचा सहसा त्रास होत नाही, कारण आतड्यातून ते फार थोडं रक्तात जातं आणि गेलेलं किडनी बाहेर टाकते. डायलिसिसच्या रुग्णाला हे दोन्ही आडोसे नसतात. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण 120 लिटर द्रव लागतो, आणि त्याच्या व रक्ताच्या मध्ये असतो फक्त एक पातळ पडदा.

ही जुनी, परदेशातली गोष्ट झाली, आता आरओ प्लांट आहेत, असं कुणी म्हणेल. आरओमुळे हा आजार दुर्मीळ झाला, हे खरंच आहे. पण 1996 साली कुरासाओ बेटावर एका केंद्राकडे येणाऱ्या नव्या नळाला आतून सिमेंटचा लेप होता. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उतरलं आणि 10 रुग्ण दगावले. पाण्यावरची राखण कमी पडली. म्हणूनच हा इतिहास मराठवाड्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणाच्या कामाचा आहे. 2016 साली केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला तो जिल्हा रुग्णालयांसाठी. फाट्यावरच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा दूरच्या शहराची वारी करावी लागू नये, तर उपचार जवळ यायलाच हवेत. मात्र मराठवाड्यात पाणी कधी धरणाचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं. पाण्याचा उगम बदलला की त्यातलं मिश्रण बदलतं, म्हणून इथे नुसतं मशीन बसवून भागत नाही. पाण्याची तपासणी हा उपचाराचाच भाग धरावा लागतो.

दुसरा आक्षेप, किडनीचा मार मेंदूवर पडतो या मुळातल्या म्हणण्यावरचा, जास्त वजनदार आहे. विसरभोळेपणा, मंद चाल, पायांच्या मुंग्या ही वयाची, मधुमेहाची, रक्तदाबाची देणी असतात. किडनीवर खापर कशाला? या आजारांनी मेंदूच्या आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या एकदमच खराब होतात, त्यामुळे आक्षेपात तथ्य आहे. पण 1963 साली अ‍ॅसबरी, व्हिक्टर आणि अ‍ॅडम्स यांनी किडनीच्या विकारात पायांच्या नसा कशा झिजतात ते दाखवलं, आणि प्रत्यारोपणानंतर अनेकांच्या नसा सुधारतात, विचारशक्तीही बऱ्यापैकी परतते. नुसतं वय असतं तर ते मागे फिरलं नसतं. रक्तात विषारी द्रव्यं साचलेल्या रुग्णाला दोन्ही हात पुढे करून, वाहन थांबवताना करतो तसे पंजे वर धरायला सांगितलं, तर पंजे मधूनच गळून पडतात आणि पुन्हा वर येतात. ही खूण बघायला कुठलंच यंत्र लागत नाही. आणि बोलणं अडखळू लागलंय हे डॉक्टरांच्या आधी घरच्यांना कळतं. 'वय झालं' म्हणून ते घरीच ठेवायचं नाही, डायलिसिसच्या पुढच्या पाळीला सांगायचं. एका अंगातली ताकद किंवा वाचा अचानक गेली, तर पाळीचीही वाट बघायची नाही.