जासलोडगड नक्की कोणाला सापडला?

नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. अडखळलो होतो ती वाक्यं काढलीत, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.

गेल्या भागात मी मोहनगडाचा जाता जाता उल्लेख केला आणि तेव्हापासून एकच मागणी येतेय: त्या मागच्या दांडाच्या वाटेचा जीपीएक्स ट्रॅक दे. ट्रॅक माझ्या फोनमध्ये आहे. तो मी अजून कुठेही टाकलेला नाही. का, ते सांगायचं तर आधी १६५९ मध्ये जावं लागेल.

१३ मे १६५९. शिवाजी महाराजांचं बाजीप्रभू देशपांड्यांना पत्र. विषय साधा आहे: हिरडस मावळात जासलोडगड नावाचा एक गड ओस पडलाय, त्याचं नाव मोहनगड ठेवा आणि तो वसवा. तारीख जुन्या कॅलेंडरची आहे, आजच्या हिशेबाने ती २३ मे होते. म्हणजे पाऊस पंधरा दिवसांवर आलेला, आणि पत्र म्हणतंय गड वसवा! तेव्हाची घाई समजून घ्या. अफझलखानाच्या मोहिमेची चाहूल लागलेली होती. जूनमध्ये कान्होजी जेध्यांना आदिलशहाचं फर्मान आलं आणि नोव्हेंबरमध्ये प्रतापगडाखाली खान मारला गेला. कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडावरचा एक ओसाड डोंगर अचानक महत्त्वाचा का झाला, ते नकाशा उघडला की कळतं. पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, बाजीप्रभू घोडखिंडीत पडले. आपल्याला बाजीप्रभू म्हटलं की तीच एक रात्र आठवते. पण त्याआधीचा त्यांचा रोजचा कारभार म्हणजे असली कामं होती. गडावर माणसं बसवा, निवारा करा, पावसाआधी उरका.

त्यानंतर मोहनगड कागदांतून जवळजवळ गायबच होतो. हा गड नक्की कुठला, हे बराच काळ कोणाला ठाम सांगता येत नव्हतं. अलीकडे दुर्ग-अभ्यासकांनी पत्रातला उल्लेख आणि जमिनीवरचे अवशेष जुळवून तो भोर तालुक्यात, वरंध घाटाजवळच्या दुर्गाडी आणि शिरगावच्या डोंगरावर ओळखला. भोरहून नीरा-देवघरच्या पाण्याला वळसे घालत महाडकडे जाताना घाट उतरायच्या आधी तो दिसतो. शिरगाव म्हणजे नीरेच्या उगमाचं गाव. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. ‘हरवलेला गड सापडला’ असं आपण सगळेच लिहितो. मीही लिहिलं होतं.

देवळाची वाट गावात कोणीही दाखवतं. ती सोडून घाटाच्या बाजूच्या दांडाने चढायचा शहाणपणा मी दोन वर्षांपूर्वी केला. लॅपटॉपवर सॅटेलाइट चित्र बघून रेघ आखली होती, अगदी सुबक. प्रत्यक्षात ती रेघ डोक्याएवढ्या कारवीत घुसली, तिथून घसाऱ्यावर आणली आणि एका कातळटप्प्याखाली सोडून दिलं. पाणी संपलं, हात सोलले, परत फिरलो.

खाली एका वाडीत ताक प्यायला बसलो. वाडीचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. तिथल्या मामांनी विचारलं, कुठून गेलतास? मी रेघ दाखवली. ते हसले. म्हणाले, तिथून डुक्कर पण जात नाही.

पुढच्या खेपेला मामा सोबत आले. सत्तरीचे असतील. पायात प्लास्टिकचे बूट, हातात कोयता. जिथे मला नुसतं रान दिसत होतं तिथून ते सरळ आत शिरले आणि आत वाट होती. बारीक, एका पावलाची. अर्ध्या तासाने मी विचारलं, ही गुरांची वाट का? नाही म्हणाले. गुरांची वाट गवताला आणि पाण्याला जाते, डोंगराला आडवी फिरते आणि गवत संपलं की ती पण संपते. ही खिंडीत जाते. आणि मग थोडं थांबून, इकडे तिकडे बघत (बघायला होतं कोण!) म्हणाले, ही आमच्या बापाची शिकारीची वाट.

मग पुढचे दोन तास मी फक्त ऐकलं. शिकार एकट्याची नसायची. हाका घालायचा. निम्मी माणसं खालून, पदरातल्या जंगलातून, डबे वाजवत, ओरडत रान उठवत वर यायची. उठलेलं जनावर, डुक्कर असो की भेकर, सरळ कड्यावर चढत नाही, ते खिंड गाठतं. म्हणून बंदूकवाला आधीच खिंडीत, वाऱ्याची दिशा बघून बसलेला. त्याला अंधारात, आवाज न करता, खालच्यांच्या आधी तिथे पोचायचं असतं. म्हणून ती वाट अशी: सुक्या पाचोळ्यातून न जाता कातळावरून, उघड्या धारेवर न येता धारेच्या जरा खालून. थोडक्यात, सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात कमी वाजणारा रस्ता. हे ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ती वाट माझ्या सॅटेलाइट चित्रात का नव्हती. ती दिसू नये अशीच घातली होती.

खिंडीच्या वर पाच-सहा खोदीव पावठ्या लागल्या. झिजलेल्या, पण माणसाने खोदलेल्या. मामा म्हणाले, ह्या आमच्या नाहीत, ह्या आधीच्या.

इथे माझ्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात एक नोंद आहे: मावळात लांडगे माजले होते, तेव्हा दादोजी कोंडदेवांनी लांडगे मारणाऱ्या डोंगरी लोकांना बक्षिसं लावली. शाळेत ही गोष्ट आपण ‘शेती सुरक्षित झाली’ एवढीच शिकतो. पण लांडगा मारायला माणूस त्याच्या गुहेपर्यंत, पाणवठ्यापर्यंत गेला पाहिजे. डोंगराची आतली बाजू माहीत असलेली माणसं तिथे होती आणि पुढे सैन्यातही मावळे म्हणून तीच दिसतात. दुसरी गोष्ट आज्ञापत्रातली. रामचंद्रपंत अमात्य गडाबद्दल सांगताना बजावतात की गडाला येणाऱ्या वाटा सोप्या ठेवू नयेत, सोप्या असतील तर मोडाव्यात, भोवतीची झाडी जिवापाड राखावी. आता गंमत बघा. वाट मोडायची आणि झाडी वाढवायची, मग त्या झाडीत पहारा कोण देणार? तर घेऱ्यातले रामोशी, कोळी, महार, ज्यांना त्या रानात वाट लागत नाही असे लोक. गडाची वाट आणि शिकारीची वाट एकाच प्रकारच्या माणसाच्या पायाखाली होती. ही वाट साडेतीनशे वर्षं सलग चालती होती असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या पावठ्यांवर शेवाळ नव्हतं, एवढं मी बघितलं.

आणि म्हणून ‘गड सापडला’ हे वाक्य आता मला टोचतं. गड कागदावर हरवला होता. वाडीत तो हरवलेला नव्हताच. देवीला जाणाऱ्या बायांना तो माहीत होता, डुकरामागे जाणाऱ्या पुरुषांना माहीत होता. फक्त त्याचं नाव जासलोड की मोहन, हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि शिकारीला गेलो तेव्हा बघितलं, असं कोण सांगेल?

कारण मधल्या काळात कायदा बदलत गेला. १८७८ च्या आर्म्स ॲक्टने बंदुकीला परवाना आला. हा मुलूख तेव्हा भोर संस्थानात. राजगड, तोरणा सगळं पंत सचिवांचं. वेल्ह्याच्या बाजूच्या तालुक्याचं नाव तेव्हा प्रचंडगड होतं, तोरण्यावरून. आता वेल्ह्याचं राजगड झालं, नावं फिरत राहतात. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. १९५१ मध्ये मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा आला आणि १९७२ मध्ये देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा. मामांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. मामा तरुण होईपर्यंत बापाचं कसब गुन्हा झालं होतं. त्यात चूक झाली असं मला अजिबात वाटत नाही. भेकराचं ओरडणं मी त्याच खिंडीत ऐकलंय आणि ते ऐकू येत राहावं. पण कसबासोबत वाटेची माहितीही लपवायची गोष्ट झाली. मढे घाटाची गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात, तानाजींचा देह इथूनच उमरठ्याला नेला म्हणून. शिकारीच्या वाटेची गोष्ट इकडे तिकडे बघून सांगतात.

तर ट्रॅक. खिंडीच्या अलीकडे मामांनी एके ठिकाणी मला हाताने मागे ढकललं. झुडपाच्या बुंध्याशी तारेची फासकी होती. नवी. त्यांनी ती कोयत्याने तोडली, खिशात घातली आणि पुढे चालू लागले. कोणाची आहे ते त्यांना माहीत असावं, मी विचारलं नाही. डुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्बही रानात असू शकतात. गुरं त्याने मरतात, माणसं जखमी होतात. म्हणजे ही वाट अजून कोणीतरी वापरतंय. मी ट्रॅक टाकला तर शनिवारी तीस जण त्या फासक्यांमधून चालणार. दुसरीकडे, ट्रॅक टाकला आणि गर्दी वाढली तर फासकी लावणारा कदाचित निघून जाईल. आणि तिसरी शक्यता, जी मला सगळ्यात जास्त वाटते: तो ट्रॅक बघून वाडीतल्या एखाद्याच्या दारात चौकशी येईल. कोड लिहिताना मी निदान चुकलेलं मागे घेऊ शकतो. हे मागे घेता येत नाही.

टाकला नाही तरी तोटा आहेच. मामांचे गुडघे गेलेत. मुलगा पुण्यात, नातू शिरवळला कंपनीत. कारवी दोन पावसाळ्यांत वाट खाते. एक दिवस ती फक्त माझ्या फोनमध्ये उरेल, आणि माझा फोन काय, तीन वर्षांत बदलतो.

तूर्त मी एवढंच केलंय: देवळाच्या वाटेचा ट्रॅक या पानावर टाकतोय, तो बिनधास्त वापरा, पण वरंध घाटाचा रस्ता पावसात बंद असतो ते बघून निघा. दांडाच्या वाटेबद्दल मामांनाच विचारलं. ते म्हणाले, आधी पोराला दाखवू, मग बघू. दिवाळीनंतर गवत वाळलं की जायचं ठरलंय. नातू येतो म्हणालाय, सुट्टी मिळाली तर.