गीतरामायण : दृश्यमुद्रणे

कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायण’ या ५६ गीतांच्या मालिकेचे प्रसारण पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झाले. ती वर्षभर चालली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदींनी त्यात गायन केले. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आले, त्यामुळे मूळ मालिका ही केवळ ऐकण्याचीच गोष्ट. फडके पुढे ती एकट्याने, स्वतः पेटी वाजवत मैफलींत गात. दूरदर्शनवरील त्यांच्या गायनाची दृश्यमुद्रणे उपलब्ध आहेत. निवेदनाकडून गाण्याकडे ते किती सहज वळत, हे ध्वनिमुद्रिकांपेक्षा इथे अधिक कळते. चित्रात दिसतात ते मात्र उतारवयातले फडके.