चार कलमे आणि बाईंचा प्रश्न

२०२० च्या मार्चअखेर इस्लामपूरच्या ओळखीच्या एका बाईंचा विलगीकरण कक्षातून फोन आला. "दादा, मला इथं किती दिवस ठेवणार? आणि हे विचारायचं कुणाला?" उत्तरासाठी मी १८९७ चा साथरोग कायदा पुन्हा उघडला.

मुंबईत प्लेग पसरला असताना ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो मंजूर झाला. कलमे अवघी चार. संशयितांना रुग्णालयात वा तात्पुरत्या जागेत अलग ठेवण्याचे नियम सरकारने करावेत, आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी, सद्‌भावनेने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढे त्यात आहे. मुदत किती आणि दाद कुठे मागायची, याबद्दल अक्षर नाही.

तेव्हा वाळवा तालुका, म्हणजे इस्लामपूरही, सातारा जिल्ह्यात, खालसा मुलखात होता. सांगली-मिरज संस्थानांत ब्रिटिश कायदा आपोआप लागू नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचे सांगली झाले. जिल्हा बदलला, कायदा तोच राहिला.

सरकारला मर्यादा घालणे ठाऊक नव्हते असेही नाही. १८९८ च्या कुष्ठरोग कायद्यात भिक्षा मागणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी पकडले, तरी वैद्यकीय दाखला आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाल्याखेरीज आश्रमात धाडता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न गोव्यात कोर्टात गेला. १९८९ साली एचआयव्ही आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना म्हापशात ६४ दिवस डांबून ठेवले गेले. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. डॉमिनिक बाहेर आले. पण न्यायालयाने अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार वैध ठरवला.

१४ मार्च २०२० च्या महाराष्ट्राच्या नियमावलीत, दाखल होण्यास नकार देणाऱ्या संशयिताला सक्तीने ठेवण्याची मुदत आली: १४ दिवस, किंवा अहवाल येईपर्यंत, किंवा गरजेनुसार. म्हणजे हा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचा होता, इस्पितळाचा स्वतःचा नव्हे. मात्र 'गरजेनुसार' या एका शब्दाने मुदत पुन्हा सैल झाली. त्याच वर्षी मूळ कायदा दुरुस्त होऊन डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा आली. ती हवीच होती. रुग्णाच्या दाद मागण्याचे कलम मात्र आले नाही.

साथीत माणूस अलग ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते, हेही बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "दादा, मी तर दाराबाहेर जाऊ शकत नाही."