हिंदमाता, शिवाजी पार्क आणि एक जुना गुणांक

शनिवारी जोराची सर आली तेव्हा मी शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ एका झाडाखाली उभा होतो. मैदानात डबकी झाली आणि अर्ध्या तासात बरीचशी मुरलीही. तेवढ्यात हिंदमाताला राहणाऱ्या मित्राचा मेसेज आला: "पाणी भरलंय. येत नाही." दोन्ही जागांत अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. पाऊस एकच. मग असं का?

नालेसफाई, प्लॅस्टिक, पालिका ही नेहमीची उत्तरं आहेतच, आणि ती खोटीही नाहीत. पण गोष्ट जरा जुनी आहे.

माहीम, परळ, वरळी ही एके काळी वेगवेगळी बेटं होती. मधल्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, 1784 च्या सुमाराला, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधलं खिंडार बांध घालून बुजवलं. आजचा लाला लजपतराय मार्ग तो हाच. (बांध सारखा ढासळायचा, मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू इंजिनिअरला देवी स्वप्नात आली, समुद्रात मूर्ती सापडल्या, अशी दंतकथा आहे. आम्हाला डेडलाइनच्या आधी कोणी स्वप्नात येत नाही, असो.) समुद्र बाहेर राहिला, पण आतली जमीन काही उंच झाली नाही. खोलगट भाग भर घालून वापरात आणले, त्यावर गिरण्या, चाळी, रस्ते झाले. पाणी मात्र अजून जुनेच उतार ओळखतं.

29 ऑगस्ट 2017 ला एल्फिन्स्टन भागात एक नामवंत डॉक्टर गुडघाभर पाण्यातून घरी चालत निघाले होते. उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह सापडला तो वरळीला, समुद्राजवळ. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून होतो. त्या रस्त्यानं मीही पावसात शंभर वेळा गेलोय.

आता गुणांक. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, आखल्या होत्या. आणि त्यात गृहीत असं की निम्मं पाणी जमिनीत मुरेल. आमच्या भाषेत सांगायचं तर 0.5 हा आकडा कोडमध्ये हार्डकोड केला आणि लिहिणारा कंपनी सोडून गेला.

हिशेब करून बघू. शिवाजी पार्क साधारण 28 एकरांचं. तासाला 25 मिमी म्हणजे एका तासात सुमारे 28 लाख लिटर. निम्मं मुरलं तर गटारात 14 लाख. तेवढ्याच जागेवर काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक घातले तर जवळजवळ पूर्ण 28 लाख. पाऊस तेवढाच, पाइपवर भार दुप्पट! परळ-लालबागला नेमकं हेच झालं. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला द्यायचा असा नियम 1991 साली होता. 2001 मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मग टॉवर आले, पोडियम आले, त्याखाली पार्किंग आलं. माती गेली.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. पालिकेचा ब्रिमस्टोवॅड अहवाल 1993 चा. क्षमता 50 मिमी करा, आणि मुरणारं पाणी धरूच नका, असं त्यात होतं. पुढची बारा वर्षं फारसं काही हललं नाही. मग 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला (कुलाब्याला जेमतेम 73!). मी त्या दिवशी अंधेरीहून चालत निघालो तो रात्री दोनला दादरला पोचलो. त्यानंतर कामाला वेग आला. आठपैकी सहा मोठी पंपिंग स्टेशनं उभी राहिली, मोगरा आणि माहुल मात्र रखडली.

हिंदमातासाठी प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली भल्यामोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी तिथं थांबवायचं, ओहोटीला सोडायचं. मला ही कल्पना मनापासून आवडली. चक्क बफर! 2022 मध्ये फरकही पडला. पण 26 मे 2025 ला हिंदमाताला परत पाणी भरलं. पंप वेळेत चालू केले नाहीत म्हणून पालिकेनं ठेकेदाराला 10 लाखांचा दंड लावला.

शिवाजी पार्कची तक्रार उलटी आहे: लाल मातीची धूळ घरात येते. धूळ बसवायला पाणी हवं म्हणून पालिकेनं मैदानातच विहिरी घेऊन पाऊस मुरवायची सोय केली.

मित्र शेवटी साडेसातला आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मैदानात तोवर पोरांनी स्टंप ठोकले होते.