क्लच स्विच: एका छोट्या कळीचा इतिहास

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लख्ख लागले, पण स्टार्टर गप्प. आवडीत आमच्या कॉलेजच्या वाहनतळावर अशा दोन गाड्या मी पाहिल्या. दोन्ही मालक बॅटरी बदलायला निघाले होते. दोष क्लच पेडलजवळच्या स्विचमध्ये होता. तो तिथे का आला, हे आधी पाहू.

पूर्वी हँडल मारून इंजिन सुरू करत. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. काम क्षणभराचे असेल तर लहान मोटरही भागवते, हा धडा तिथला. (आपल्या अँबॅसेडरसोबत मात्र हँडल कितीतरी वर्षे येत राहिले.)

पण ही मोटर गिअरमध्ये असलेली गाडीच पुढे ढकलू शकते. म्हणून अमेरिकेत 1968 पासून ऑटोमॅटिक गाड्यांना नियम लागू झाला: लिव्हर पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना स्टार्टर चालता कामा नये. हाताने गिअर बदलायच्या गाडीत हेच काम क्लच स्विच करतो. पेडल पूर्ण दाबेपर्यंत तो स्टार्टर रिलेची वीज अडवून धरतो.

आता तपास. पेडलखाली मॅट गोळा झाली आहे का, हे आधी पाहा. हसू नका, पहिल्या गाडीत तेच होते. मग पेडलवरचा प्लास्टिकचा ठोकळा शाबूत आहे का पाहा. तो जुना होऊन तुटतो, त्याचे तुकडे मॅटवर सापडतात आणि स्विच दाबलाच जात नाही. नंतर स्विचची जोडणी काढून मल्टिमीटर लावा: स्विच दाबल्यावर परिपथ जुळला पाहिजे. काही गाड्यांत पेडलला दोन स्विच असतात. स्टार्टरचा कोणता, हे वायरिंगच्या नकाशावरून ठरवा.

दुसऱ्या गाडीचा स्विच खरोखर बिघडला होता. मेकॅनिकने त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, गाडी सुरू झाली, आणि तारा तशाच राहिल्या. पुढे एकदा मालकाच्या मुलाने बाहेर उभे राहून, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. ती उसळून भिंतीवर आदळली आणि मधली पहारेकऱ्याची खुर्ची चेपली. तो चहाला गेला होता.