पहिला भाग : आरंभाचे मूल्यमापन

प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा विचार करताना तिचा पहिला भाग हा निर्णायक पुरावा मानण्याची प्रवृत्ती आढळते. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाला किंवा नाटकाच्या पहिल्या अंकाला लावावयाचे निकषच येथेही लावले जातात. परंतु ‘पहिला भाग’ ही एकसंध संहिता असते काय, हा प्रश्न त्याआधी उपस्थित होतो. अमेरिकन मालिकांचा इतिहास त्याचे उत्तर सहजासहजी होकारार्थी देत नाही.

‘आय लव्ह लूसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर सुरू झाली. त्या दिवशी दाखविलेला भाग चित्रीकरणाच्या क्रमाने पहिला नव्हता. त्याहीपूर्वी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, एक नमुना-भाग तयार झाला होता. त्यात फ्रेड आणि एथेल हे शेजारी दाम्पत्य नव्हतेच. दीर्घकाळ हरवलेला मानला गेलेला हा भाग १९९० मध्ये प्रेक्षकांसमोर आला. विक्रीचा, निर्मितीचा आणि प्रक्षेपणाचा असे तीन आरंभ या एका मालिकेला आहेत.

नमुना-भाग प्रथम पुरस्कर्त्याला व वाहिनीला उद्देशून असतो. पात्रांची ओळख करून देण्याची घाई, संघर्षाचे ठळक रेखाटन हे दोष या संबोधनातून उद्भवतात. मात्र म्हणून प्रत्येक सदोष आरंभ क्षम्य ठरत नाही, तसेच प्रत्येक नकारही आरंभाच्या दोषातून येत नाही. नॉर्मन लिअर यांनी ‘ऑल इन द फॅमिली’चे नमुना-भाग १९६८ व १९६९ मध्ये एबीसीसाठी केले, दोन्ही नाकारले गेले. जवळजवळ तीच संहिता, प्रमुख दाम्पत्याच्या भूमिकांतील तेच नट आणि तरुण जोडप्याच्या भूमिकांत नवे नट घेऊन १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसवर आली आणि मालिका पुढे अत्यंत लोकप्रिय झाली. संहिता फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते प्रामुख्याने पात्रांमधील नाते, वाहिनी आणि काळ.

‘साइनफेल्ड’चा पहिला भाग ५ जुलै १९८९ रोजी एनबीसीवर दाखविला गेला. चाचणी-प्रेक्षकांचा प्रतिसाद निराशाजनक होता. एलेन हे पात्र त्यात नव्हते. तरीही वाहिनीने आणखी चारच भाग मागविले. या पहिल्या भागाच्या आरंभी शर्टाच्या गुंडीविषयी एक किरकोळ संभाषण आहे. १४ मे १९९८ रोजीच्या अखेरच्या भागात, पात्रे तुरुंगात असताना, तेच संभाषण पुन्हा येते. १९८९ मध्ये निरर्थक भासलेली बडबड नऊ वर्षांनी पात्रांच्या अपरिवर्तनीयतेचे प्रमाण ठरते. आरंभाचा अर्थ येथे शेवटाने घडविला आहे.

या उदाहरणांवरून ‘पहिला भाग दुबळाच असतो, धीर धरावा’ असा नियम काढणे मात्र भ्रामक होईल. ही सर्व उदाहरणे तगलेल्या मालिकांची आहेत. ज्यांचा नमुना-भाग कायमचा नाकारला गेला, त्यांना दुसरा भाग लाभलाच नाही. त्यांच्या बाजूने साक्ष देणारा शेवटही नाही. यशाच्या प्रकाशात आरंभ वाचणारी समीक्षा नकळत वाहिनीच्या निवडीलाच मूल्यनिर्णयाची प्रतिष्ठा देते.

म्हणून पहिल्या भागावरील निर्णयासोबत तीन गोष्टी नोंदविल्या पाहिजेत: कोणता आरंभ, कोणासाठी रचलेला आणि कोणत्या क्षणी पाहिलेला. असा निर्णय तात्पुरता राहील. परंतु तो कोणाचा आहे, हे तरी त्यातून लपणार नाही.