अंगावरचं दूध आणि जन्माआधीची शिदोरी

"चौदा महिन्यांचा झाला, अजून अंगावर पितोय. मागेल तेव्हा मिळतं त्याला. मग रक्त कमी कसं काय?"

मागच्या मंगळवारी आमच्या भागातल्या अंगणवाडीत मुलांची तपासणी होती. मी बातमीसाठी फोटो काढायला गेलो होतो. तिथे एका आजीने सेविकाताईंना हा प्रश्न विचारला. नातवाचं हिमोग्लोबिन 8.2 आलं होतं, या वयात ते 11च्या आसपास हवं. पोरगं दिसायला गुटगुटीत होतं, म्हणून आजींना पटेना. मग त्यांनीच उत्तर शोधलं, "हिचं दूधच पातळ आहे." सून मान खाली घालून उभी. ताई "वरचं खायला घाला त्याला" एवढं बोलून पुढच्या नावाकडे वळल्या. त्यांचाही इलाज नव्हता, मागे पोरांची रांग लागली होती.

तो प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसलो, दोन डॉक्टर मित्रांना फोन करून त्रास दिला. तेव्हा कळलं की आजींच्या प्रश्नाला सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक तुकडा थेट पुण्याजवळच्या गावांतला आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. (चहाचा विषय पुढे परत येणार आहे.)

सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात होते. 1880च्या दशकात तिथे गुस्ताफ फॉन बुंगे नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एक साधा पण जरा अंगावर काटा आणणारा प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची राख केली, त्याच्या आईच्या दुधाचीही राख केली आणि दोन्हींतली खनिजं मोजली. कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, सगळ्यांचं प्रमाण जवळपास जुळलं. म्हणजे पिल्लाला जे हवं, तेच दुधात. फक्त एक गोष्ट जुळेना, ती म्हणजे लोह. पिल्लाच्या राखेत ते दुधाच्या राखेपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं.

निसर्ग एवढी मोठी चूक करेल का? बुंगेंचं उत्तर होतं, ही चूक नाहीच. लोह दुधातून मिळत नाही, ते बाळ आईच्या पोटातूनच बरोबर घेऊन येतं, शिदोरीसारखं. पुरावा म्हणून त्यांनी ससा आणि गिनीपिग यांच्याकडे बोट दाखवलं. सशाचं पिल्लू पहिले काही आठवडे फक्त दुधावर असतं, त्याच्याकडे जन्मतः लोहाचा मोठा साठा असतो आणि पाला खायच्या वयापर्यंत तो संपत येतो. गिनीपिगचं पिल्लू पहिल्या दिवसापासून पाला कुरतडतं, त्याच्याकडे शिदोरी जेमतेमच.

जाता जाता सांगतो, याच बुंगेंनी पुढे 1900 साली असंही लिहिलं, की बाप दारुडा असेल तर त्याच्या मुलीला पुढे अंगावर पाजता येत नाही. दारूबंदीचे कट्टर प्रचारक होते ते. लोहाबाबत बरोबर निघाले, याबाबत नाही. मोठी माणसंही एका वाक्यात शास्त्र आणि दुसऱ्या वाक्यात मत सांगून जातात.

आता माणसाच्या बाळाकडे येऊ. पूर्ण दिवसांच्या बाळाची शिदोरी साधारण सहा महिने पुरते. बाळ दिवसांआधी जन्मलं, वजन कमी असलं किंवा आईच्याच अंगात रक्त कमी असलं, तर ती त्याआधीच संपते. जन्मल्याबरोबर नाळ घाईने कापली तरी बाळाच्या वाट्याचं थोडं रक्त वारेतच राहतं. म्हणून निदान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इकडे बाळाचं वजन वर्षात तिप्पट होतं, म्हणजे रक्तही तेवढं वाढायला हवं, आणि रक्ताला लोह लागतं.

दुधात ते किती असतं? लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. वर्षाच्या पुढचं मूल दिवसाला अर्धा लिटर प्यालं तरी हातात काय येतं, तुम्हीच हिशेब करा. आयसीएमआरने एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 8 मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आईच्या दुधातलं लोह धान्यातल्या लोहापेक्षा खूप चांगलं अंगी लागतं, त्यामुळे फरक आकड्यात दिसतो तेवढा भयंकर नाही. तरी तो दुधाने भरून निघणारा नाहीच.

आणि आजींसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आईने कितीही पालेभाजी, खजूर, गूळ खाल्ला तरी दुधातलं लोह वाढत नाही. तिचं स्वतःचं रक्त वाढेल, दुधातलं लोह तेवढंच राहील. म्हणजे त्या सुनेचा यात काडीचा दोष नाही. कोणत्याही आईचं दूध लोहाच्या बाबतीत "पातळ"च असतं. "पातळ दूध" या आरोपाची तपासणीही आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. 1950च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी गरीब, अर्धपोटी बायकांच्या दुधाचा अभ्यास केला. त्यातली प्रथिनं खाऊनपिऊन सुखी बायकांच्या दुधाच्या आसपासच होती. शरीर आईला झिजवतं, दुधाला सहसा धक्का लावत नाही.

सहसा. कारण इथे गोष्टीला दुसरं वळण आहे.

1962 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांचा एक लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. लेखकांत पहिलंच नाव जाधव. विषय होता काही महिन्यांची, अंगावर पिणारी बाळं. ही बाळं हसायची बंद झाली होती. मान धरणारं मान टाकायला लागलं, बसणारं बसेना. हाताची बोटं काळवंडलेली, काहींचं अंग आपोआप थरथरायचं. आया मात्र वरून धडधाकट. तपासल्यावर कळलं की त्यांच्या रक्तात बी-12 फार कमी होतं, म्हणून दुधातही नव्हतं. बाळांना बी-12 दिलं आणि ती सुधारली. जे जीवनसत्त्व जगाला जेमतेम 1948 साली शुद्ध रूपात हाती लागलं, त्याच्या अभावाने आपल्याकडची लेकरं आईच्या मांडीवर, पोटभर दूध पिऊन, कोमेजत होती. आमच्याकडे अशा मुलाला नजर लागली म्हणतात, मीठमोहऱ्या ओवाळतात.

म्हणजे लोहाचं आणि बी-12चं गणित उलटं आहे. लोहाला आईचा आहार दुधात जाऊ देत नाही, बी-12 मात्र आईच्या अंगात असेल तरच दुधात उतरतं. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. भाजीभाकरीतून जवळजवळ नाहीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास हाती घेतला. शेतात राबणाऱ्या, गरोदर राहणाऱ्या साध्या बायका. त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-12 कमी निघालं. ती सहा गावं म्हणजे तुमचं-आमचंच गाव. भाकरी, कालवण, चहात घातलं तेवढं दूध, बाकीचं डेअरीला. दूध घालणाऱ्या घरातच दुधाचा तुटवडा, हे मी बातमीत कितीदा लिहिलंय आणि त्याचा अर्थ मला आत्ता कळतोय.

जस्ताचं थोडक्यात सांगतो. चिकाच्या दुधात ते भरपूर असतं, मग महिन्यागणिक कमी होत जातं, म्हणून सहा महिन्यांनंतर तेही वरच्या खाण्यातूनच यावं लागतं.

मग दूध तोडायचं का? अजिबात नाही. दुसऱ्या वर्षातही मुलाच्या ऊर्जेच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा आईचं दूध भागवतं, आजारपणात तर कधीकधी तेवढंच पोटात जातं. खरा घोळ उरलेल्या दोन हिश्श्यांचा आहे. आपल्याकडे उष्टावण वेळेवर होते, मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या चमच्याने खीर चाटवतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दूध, फार तर वरणाचं पाणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे 11 टक्क्यांनाच पुरेसा आणि चौरस आहार मिळतो असं दिसलं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या रक्तक्षयी मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत 53.8 टक्के होतं, पाचव्यात 68.9 झालं. कमी नाही, वाढलं.

काही घरी उपाय म्हणून म्हशीच्या दुधाची बाटली सुरू होते. तिच्यात लोह नाहीच, वर ती पोट भरून टाकते. आणि चहाबिस्कीट! दीड वर्षाचं पोर बशीतून चहा पितं याचं आपल्याला कौतुक असतं. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. रक्तक्षय रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. 2018च्या 'ॲनिमियामुक्त भारत'मध्ये सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध द्यायचं ठरलं. 50 मिलीची बाटली सहा महिने पुरते. मी परवा आमच्या गल्लीत सात घरांत विचारलं. पाच घरांत बाटली होती. तीन सीलबंद. एकीने दोनदा देऊन बंद केली, कारण शी काळी झाली आणि सासूबाई घाबरल्या. शी काळी होते, त्याने काही बिघडत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि अंडं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांच्या पुढच्या मुलांना अंडं किंवा केळं मिळतं. आमच्यासारख्या तालुक्यात तीन वर्षांखालच्या पोराला घरी न्यायचं पाकीट मिळतं. शाळेतल्या अंड्यावरून आपण केवढं भांडलो, 2025च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधीही थांबला. ज्यांना चालत नाही त्यांनी खाऊ नये, त्यांच्यासाठी दही आहे, डॉक्टरांना विचारून थेंब आहेत. पण ज्यांच्या घरी चालतं, त्यांच्या लेकराच्या वाटीतलं अंडं आपण का काढायचं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

काल त्या आजींच्या घरी गेलो. वरचं सगळं जमेल तसं सांगितलं. सून आत भाकरी करत होती, कान इकडेच होता. आजी बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगीच बोलले म्हणायचं तिला." फळीवरची बाटली काढली, पुसली आणि माझ्यापुढे धरली, "भाऊ, यावर बारीक लिहिलंय, वाच बरं. मंगळवार आणि शनिवार चालंल का?"

चालेल म्हणालो. ज्यांच्या घरात बाटली आलीच नसेल, त्यांनी आशाताईंना विचारा. नसेल मिळत तर मला कळवा, त्याची बातमी करू.